चौकटीवरची टेप

प्रिय शिडी,

हे पत्र जेवणघरात उघडू नकोस. तुमच्या इमारतीच्या मागे कपडे वाळत घालायची जागा आहे म्हणाला होतास, तिथे जा. तुझा तो घोरणारा खोलीतला दोस्त मागे लागला तर त्याला सांग, ताईचं पत्र आहे, चार पानं उपदेश असणार. तो आपणहून पळेल. फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. तुमचे मोबाइल कपाटात बंद, आणि जिन्याखालच्या फोनवर बोलायचं तर मागे पोरांची रांग. शिवाय माझा आवाज जरासा जाड झाला की तू लगेच "काय झालं, काय झालं" करतोस. मग मी काही नाही म्हणते, आणि खोटं बोलल्याची टोचणी मला पुढे दिवसभर पुरते. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर मधेच थांबता येतं. आत्ताही थांबले होते. गॅस बंद आहे का ते बघून आले. बंद होता. हसतोयस ना? हस.

आधी घरची बातमी. गेल्या आठवड्यात घरी जाऊन आले. बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण उकिडवं बसल्याशिवाय फरशी बसवता येत नाही आणि फरशी बसवल्याशिवाय बाबांना करमत नाही. हल्ली लहान कामं घेतात, कुणाचं न्हाणीघर, कुणाचा जिना. बरोबरचे गवंडी त्यांना आता नावाने हाक मारत नाहीत. "शिडीचा बाप आला का रे?" असं विचारतात, आणि हे महाशय तोंडावर काही न दाखवता थापी अशी काही फिरवतात की जणू ढोल वाजवतायत. पहिल्या अंदाजात तुझं नाव बारा जणांत आहे हे तू त्यांना फोनवर सांगितलंस, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नाहीत. मला आधीच माहीत असून मी सांगितलं नाही, म्हणून माझ्यावर रुसून झालं. "घरातल्या घरात गुपितं ठेवतेस होय ग? बापापासून?" मी म्हटलं, बाबा, तो कच्चा अंदाज आहे, त्यावर घर बांधू नका. तर म्हणाले, "सिमेंटसुद्धा आधी कच्चंच असतं."

आता त्यांनी नवं खूळ काढलंय. मधल्या दाराची चौकट काढून उंच बसवायची. लाकूड आणून भिंतीला टेकवून ठेवलंय, वरच्या भिंतीवर खडूने रेघही मारून ठेवली आहे. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, तो वर्षातून दोनदा घरी येतो. त्यावर कमरेवर हात ठेवून मलाच विचारतात, "देशाकडून खेळणारा पोरगा स्वतःच्या घरात वाकून येणार? शोभतं का?" तुझं डोकं त्या चौकटीला पहिल्यांदा आपटलं तेव्हा त्यांना किती आनंद झाला होता, आठवतं? तू कपाळ धरून बसलेला, मी बर्फ शोधतेय, आणि बाबा म्हणतायत, "लागू दे, लागू दे! वाढतंय पोरगं!"

माझं कामाचं बरं चाललंय, म्हणजे चाललंय. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची आमची खोली तू पाहिली आहेस. खिडकीतून मैदान दिसत नाही, गाड्या लावायची जागा दिसते. संघटनेतली बाकीची मंडळी आम्हाला ज्योतिषी म्हणतात. हिशेबखात्यातला कारकून दारातून डोकावला की हात पुढे करतो, "बघा हो, बढती आहे का नशिबात?" आणि खरं सांगायचं तर आम्ही वेगळं काय करतो? चार वर्षांनी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत देशाच्या संघात कोण बारा जण असतील, ते आज सांगायचं. आज जी पोरं गणिताच्या पेपरात नापास होतायत आणि उशीखाली बिस्किटं लपवतायत, त्यांच्यातून. त्या बारांवर पैसा, प्रशिक्षक, परदेशातलं शिबिर. बाकीच्यांनी हंगाम संपला की सामान आवरायचं. आम्ही भविष्य सांगतो असं म्हणतात, पण मला पुष्कळदा वाटतं, आम्ही ते ठरवतोच. ज्याला बारांत धरलं तो शिकत जातो, ज्याला नाही धरलं तो घरी जातो, आणि मग चार वर्षांनी आम्ही म्हणतो, बघा, आमचा अंदाज खरा ठरला.

तुझं नाव त्या मुलांत आलं त्याच दिवशी मी आमच्या खात्याच्या मॅडमना लेखी कळवलं होतं, की हा माझा सख्खा भाऊ आहे, हे काम माझ्याकडून काढून घ्यावं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आकड्यांना नातेवाईक नसतात. करा काम." मी केलं. करताना तुझ्या ओळीवर आले की इतरांपेक्षा जास्त वेळ थांबायचे. जास्त मार्क देतेय का म्हणून, आणि मग त्या भीतीने कमी देतेय का म्हणून. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई होती तेव्हा माझ्याबद्दल म्हणायची ते काही उगाच नाही.

तू भाग्यवान, तुला शाळा वेळेवर लागली. माझ्या लहानपणी बाबांची कामं एका जागी नसायची. जिथे इमारत तिथे आपण, आणि शाळेत नाव घालेपर्यंत इमारत पुरी व्हायची. म्हणून माझी पहिली शाळा म्हणजे आई आणि बाबा. आई शिवणाच्या कागदावर खडूने अक्षरं काढायची आणि मला कात्रीने कापायला लावायची. माझा पहिला 'क' कितीतरी वर्षं तिच्या सुयांच्या डब्यात होता. आकडे शिकवले बाबांनी. गुणाकार म्हणजे या खोलीत किती फरश्या बसतील. भागाकार म्हणजे तुटलेली फरशी कुठे खपेल. पाण्याने भरलेल्या नळीचं एक टोक मी धरायचं, एक त्यांनी, आणि दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की ते म्हणायचे, "डोळा लबाड असतो, पाणी नसतं." आणि आईचा नियम एकच. मोजलंस ते लिही, वाटलं ते लिहू नकोस. पुढे शाळेत गेले तेव्हा मुलं उत्तर "साधारण एवढं" म्हणून सांगायची, बाई चालवून घ्यायच्या, आणि मला रडू यायचं. वर्गात सगळ्यांना वाटायचं, हिला गणित येत नाही म्हणून रडते.

त्या मधल्या दाराच्या चौकटीवरची टेप आईची. तू धड उभा राहायला लागलास तेव्हा तिने कापडं मोजायची टेप आणली. बाबांच्या घरची सगळी उंच माणसं आठवून म्हणाली, "हा काही एका टेपात मावायचा नाही," आणि दुसरी टेप तिला जोडून शिवली. शिवताना आकडा आकड्याला जुळवला. जमिनीपासून बारीक चुका ठोकत वर नेली. वरचं टोक तर चौकट संपून भिंतीवर गेलंय. दर वाढदिवसाला तुझ्या डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं, बाबा ओरडायचे, "टाच! टाच टेकव!" आणि मी स्टुलावर चढून आकडा वाचायचे. तो क्षण मला जसाच्या तसा दिसतो. सगळ्यांच्या माना वर. तुझी हनुवटी वर, बाबांचं बोट वर, आईचे डोळे वर. खाली फक्त तुझ्या टाचा असायच्या, आणि टाचांच्या मागे काय आहे ते बघायचं कुणाला काय कारण?

हे सगळं मी तुला का सांगतेय, असं आता तुला वाटायला लागलं असेल. सांगते. जरा दम धर. मलाही धरू दे.

अंदाज बांधायला आम्हाला मुलांची आजची उंची पुरत नाही. चार वर्षांनी कोण किती उंच असेल हे काढायचं तर लहानपणापासून कोण कुठल्या वर्षी किती वाढला ते लागतं. त्या चढावरून पुढचा चढ काढतात. म्हणून तुम्ही अकादमीत आलात तेव्हाच प्रत्येक घरून जुनी मापं मागवली होती. कुणी शाळेची पाठवली, कुणी डॉक्टरांची. बाबांनी टेपवरच्या खुणा एकेक वाचून पाठवल्या. तुझ्या आलेखाची रेघ आमच्या खोलीत सगळ्यांना आवडली होती. नीट चढत येते, आणि तेराव्या वर्षी एकदम उसळी घेते. त्या उसळीवरूनच हिशेब निघाला की तू चार वर्षांनी देशातला सगळ्यात उंच सेंटर असशील. त्या उसळीवरूनच तुमच्या सरांनी तुला बास्केटखाली नेऊन उभं केलं.

पण अकादमीत तुला पहिल्यांदा मोजलं तेव्हा तू घरच्या मापापेक्षा दोन बोटं कमी भरला होतास. बाबा म्हणाले होते, "प्रवासात आखडलं असेल पोरगं." तुमचे सर हसले होते, "सगळ्याच आईबापांची टेप लाडकी असते." आणि ते बरोबरच होतं, बहुतेक घरांचं माप थोडं चढंच निघालं. सगळ्यांनी तेवढं वजा केलं आणि पुढे गेले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण असं बघ, आपली टेप पहिल्यापासून चुकीची असेल तर काही बिघडत नाही. सगळी मापं सारखीच चुकली, तू दर वर्षी किती वाढलास ते तेवढंच राहिलं. पण ती आधी बरोबर असेल आणि मधल्या एखाद्या वर्षापासून चुकायला लागली असेल, तर? तर त्या वर्षी तू जो वाढलास तो सगळा तू नव्हेस.

म्हणून मी घरी गेले होते. बाबांना वाटलं, त्यांची आठवण आली म्हणून. आठवणही आली होती, पण फक्त तेवढ्यासाठी नाही, हे इथे लिहून टाकते म्हणजे बरं.

दुपारी बाबा कामावर गेल्यावर त्यांच्या पिशवीतली लोखंडी टेप काढली. पहिला संशय मला आईच्या शिवणीवर आला. तिने दोन टेपा जोडल्या तिथेच चूक असेल असं वाटलं, आणि असं वाटलं याचीच लाज वाटली. तरी मोजलं. शिवण केसभरही चुकलेली नव्हती. इतक्या वर्षांत दोरा पिवळा पडलाय, पण आकडा आकड्यावर तसाच बसलेला आहे. मग मी वरून खाली येत गेले. तुझा सोळावा, पंधरावा, चौदावा. सगळ्या खुणांमधली अंतरं लोखंडी टेपशी जुळत होती. खाली चपलांचं कपाट आहे, तू गेल्यावर बाबांनी ती जागा रिकामी दिसते म्हणून तिथे सरकवलं. ते बाजूला केलं. कोपऱ्यात धूळ होती, ओल्या फडक्याने पुसली.

टेपवरचा सगळ्यात खालचा आकडा पाच होता. त्याच्या खाली अर्धा चार. एक, दोन, तीन नव्हतेच. टेप सरळ फरशीच्या सांध्यात शिरून खाली गेली होती.

मग हळूहळू त्या फरशीवर हात फिरवला. ही फरशी कुठल्या वर्षी आली, हे तुला कदाचित लक्षात नसेल. तेव्हा तू दिवसभर बाहेर असायचास, आणि घरात जे चाललं होतं त्यापासून आम्ही तुला मुद्दाम बाहेर ठेवत होतो. आईची छाती त्या वर्षी पार खचली होती. चालता येईना, म्हणून चाकांची खुर्ची आणली. जुनी फरशी इतकी उखडलेली होती की खुर्ची खोलीच्या मध्यावर अडकायची, आणि आईला खिडकीपर्यंत जायचं असायचं. बाबा म्हणाले, मी करतो नवी. पण जुनी फोडायची तर किती धूळ! डॉक्टरांनी बजावलं होतं, धुळीचा कण नको. मग बाबांनी जुनी न फोडता तिच्यावरच नवी बसवली. हातोडा न वाजवता, पाण्याचे फडके टाकून, एकेक फरशी बाहेर अंगणात कापून आणून. दर थोड्या वेळाने आईला विचारायचे, "त्रास होतोय का ग?" ती म्हणायची, "तुमच्या विचारण्याचाच जास्त होतोय." जमीन वर आली म्हणून त्यांनी सगळी दारं काढून खालून तासली. न्हाणीच्या उंबऱ्याचा उतार बदलला. आईच्या पलंगाचे पायसुद्धा नव्या जमिनीवर डुगडुगतात का ते पाणी ठेवून बघितलं. सगळं सगळं हिशेबात धरलं. एक टेप सोडून. ती त्यांच्या कामातली वस्तू नव्हतीच. ती आईची होती.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझा तेरावा वाढदिवस आला. मी स्टुलावर चढून आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि ओरडले. बाबांनी तुला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांची कंबर धरली. आई खुर्चीतून टाळ्या वाजवत होती. तुला तिचं वाक्य आठवत असेल, तू अजून सांगतोस. "बघा, माझा आजार ह्याला मानवला." त्या वर्षात ती मोकळेपणाने हसली ती एवढीच.

शिडी, त्या वर्षी तू वाढला नाहीस रे. जमीन वाढली.

मागच्या महिन्यात तुमच्या डॉक्टरांनी तुझ्या मनगटाचा फोटो काढला तेव्हा तू मला विचारलंस, हात तर दुखत नाही, मग फोटो कशाला? मी म्हटलं, सगळ्यांचाच काढतात. ते खोटं नव्हतं, सगळ्यांचाच काढायचा होता, पण तुझा आधी काढा अशी विनंती मी केली होती. तेव्हा मला फक्त शंका होती. घरून परत आले आणि त्याचा अहवाल टेबलावर होता. हाडांची टोकं जुळत आली आहेत. डॉक्टर म्हणाले, आता फार तर बोटाच्या पेराएवढा वाढेल. म्हणजे तू उंचच आहेस, कुठल्याही रस्त्यावर लोक वळून बघतील एवढा. पण देशाच्या संघात बास्केटखाली उभं राहायला जेवढं लागतं तेवढा तू होणार नाहीस.

मला सगळ्यात जास्त काय खातं ते सांगू? तू आधी पास देणारा होतास. अंगणात बाबांच्या बादलीत चेंडू टाकायचास तेव्हासुद्धा तुला स्वतः टाकण्यापेक्षा मला द्यायला आवडायचं, मला धड झेलता येत नसतानाही. तुझे हात बघून शाळेतले सर म्हणाले होते, ह्याला मागेही डोळे आहेत. ते हात गेली दोन वर्षं फक्त वर करून ठेवलेत, कुणाच्या तरी अंगावर पाठ टेकवून, आकाशातून चेंडू पडायची वाट बघत. कशासाठी? त्या रेघेच्या उसळीसाठी. मी मॅडमना विचारलं, त्याला पुन्हा त्याच्या जागी खेळवता येणार नाही का? त्या म्हणाल्या, त्या जागेवर ज्यांना धरलंय ती पोरं ही दोन वर्षं तेच करत होती.

हो, मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही माझ्यापर्यंत आणलं नसतंत तर कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, मला. त्या पेन्सिलला टोक करत बसल्या, टोक झालं तरी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याबरोबर काम करणं सोपं नाही हो." आणि अंदाज नव्याने काढायला सांगितला. मी म्हटलं, निदान आता तरी हे दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी मान हलवली. "आणलंत तुम्ही, आता पुरं करा."

गप्प बसता आलं नसतं का, हे तू विचारणार नाहीस, पण मी स्वतःला रोज विचारते. आमचे अंदाज काय वेदवाक्य असतात? मागच्या वेळी धरलेल्यांपैकी कितीतरी जण आज कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. एखाद्याचा गुडघा जातो, एखाद्याचं मन उडतं. तूही त्यातलाच एक, असं चार वर्षांनी कुणीतरी म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण तोपर्यंत तुझ्या जागेवर जो यायला हवा होता तो घरी गेलेला असता. त्याचं नाव तुला सांगायची गरज नाही. त्याचं घोरणं तू रोज ऐकतोस. तू म्हणाला होतास ना, त्याने आधीच निम्मं सामान बांधून पलंगाखाली सारलंय, आणि विचारलं की म्हणतो, "जागा होते रे खोलीत"? त्याला आता ते सोडावं लागेल. त्याच्यावर डाफरू नकोस. त्याने काही केलेलं नाही, फक्त खऱ्या जमिनीवर उभा राहून वाढला.

सोमवारी बारा नावं लागतील. त्यात तू नाहीस. हंगाम संपेपर्यंत तुला तिथेच राहता येईल, मग घरी. शाळेचं वर्ष वाया जाणार नाही, ते मी बघितलं आहे, दोनदा बघितलं आहे. तुला राग आला तर माझ्यावर काढ, मला लिही, वाटेल ते लिही. मोजून लिहू नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. बाबा या रविवारी तुला भेटायला येतायत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझ्याकडून परत येतील तेव्हा मी घरी असेन, आणि सोमवारी नावं लागायच्या आधी त्यांना एवढंच सांगेन, की यादीतून तुझं नाव मी काढलं. हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतील, बोलायचे थांबतील, मला ते चालेल. बोलले नाहीत तरी जेवायला ताट वाढतात, मला माहीत आहे. पण तुझ्याकडून परत गेले की ते ती चौकट काढणार आहेत. संघात नाव असो नसो, लाकूड आणलंय, आता ते थांबायचे नाहीत. चौकट उपटायची तर तिच्या पायापाशी फरशी फोडावी लागेल, आणि खाली आईच्या टेपचं टोक निघेल. एक, दोन, तीन. जन्मभर जमीन बसवलेल्या माणसाला ते आकडे बघून पुढचं कुणी सांगावं लागणार नाही. आईला धूळ लागू नये म्हणून त्यांनी जे केलं, त्यानेच तुझं हे झालं, आणि ती त्या दिवशी ज्यावर हसली तेही खरं नव्हतं, हे त्यांना त्या खोलीत एकट्याने, थापी हातात असताना कळेल. मी ते बघू शकत नाही. आईने मला मोजलं ते लिहायला शिकवलं, आणि मी तुला लिहिलं. त्यांना ते वाचायला लावायचं, असं तिने कधी म्हटलं नव्हतं. माझं ते ऐकायचे नाहीत. मी नको म्हटलं तर का म्हणून विचारतील, आणि मला कारण सांगता येणार नाही, माझा चेहरा तुला माहीत आहे. तुझं ऐकतील. रविवारी ते नव्या चौकटीची गोष्ट काढतील, हात वर करून उंची दाखवतील. तेव्हा त्यांना म्हण, बाबा, ती आईच्या टेपची चौकट आहे, राहू दे तशीच. मी वाकून येईन.

तुझीच,
अजून स्टुलावर चढल्याशिवाय तुझ्या डोक्याला हात न पुरणारी,
ताई